टोमॅटो : कमीत कमी आणि जास्तीत जास्त

मॅडमनी टोमॅटोचा भाव विचारला तो मार्च महिन्यात, आणि त्याचं समाधानकारक उत्तर त्यांना मिळालं पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. भाजीवाल्याला विचारला असता तर अर्ध्या मिनिटात मिळालं असतं, हे त्यांच्या यजमानांनी या चौदा महिन्यांत निदान चाळीस वेळा सांगितलं. पण मॅडमना आजचा भाव नको होता. त्यांना पुढच्या आठवड्याचा हवा होता.

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात तेवीस वर्षं गेल्यावर मॅडमनी पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय होता, 'अनिश्चिततेच्या परिस्थितीत नाशवंत मालाच्या बाजारभावांचे पूर्वानुमान'. हा विषय सासूबाईंनी दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "म्हणजे नेमकं काय गं?"

"टोमॅटो पुढच्या आठवड्यात काय भावानं विकला जाईल, ते आधी सांगायचं."

"आणि ते कळतं?"

"नाही ना कळत. म्हणून तर संशोधन."

सासूबाईंनी मान डोलावली. तापात बरळणाऱ्या माणसापुढे आपण डोलावतो तशी.

मॅडमचे मार्गदर्शक हे एक निराळंच प्रकरण होतं. ते वयानं त्यांच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान होते, आणि विद्यार्थी असताना मॅडमनी त्यांना संभाव्यतेच्या पेपरात शंभरपैकी बारा गुण दिले होते. आता ते विद्यापीठात विभागप्रमुख होते. मॅडम आल्या की ते खुर्चीवरून उठून उभे राहत. ते उभे राहिले की मॅडमना बसता येत नसे. त्यामुळे संशोधनाची पहिली सहा महिन्यांची चर्चा दोघांनी उभ्यानंच केली.

"मॅडम, तुम्ही मला सर म्हणू नका," ते म्हणत.

"बरं सर," मॅडम म्हणत.

गणिती सूत्र तयार झालं, संगणकात घातलं, चाललं. मार्गदर्शकांनी ते तपासलं, छान आहे म्हणाले, आणि मग अत्यंत अदबीनं मॅडमच्या आयुष्याची घडी विस्कटून टाकली. "फक्त एक करा मॅडम. हे सूत्र माणसांपेक्षा बरं आहे का, ते बघायला हवं. तीस साधी माणसं घ्या. बारा आठवडे, दर सोमवारी त्यांना विचारा की येत्या शनिवारी टोमॅटोचा घाऊक भाव किलोला किती असेल. पण एक आकडा घ्यायचा नाही. दोन घ्यायचे. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. असे, की दहापैकी नऊ वेळा खरा भाव त्या दोन आकड्यांच्या मध्ये पडेल अशी त्या माणसाची खात्री असावी. म्हणजे कुणाला किती कळतं यापेक्षा, आपल्याला किती कळत नाही हे कुणाला कळतं, ते समजेल."

मॅडमना हे फार आवडलं. घरी जाताना रिक्षात त्या स्वतःशी हसल्यासुद्धा. तीस माणसं तर त्यांच्या इमारतीतच होती.

पण माणसांना प्रश्न विचारायचा तर कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. या समितीत रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक, ग्रंथपाल आणि खेळाचे शिक्षक होते, आणि समितीपुढे याआधी एकही प्रकरण आलेलं नव्हतं. त्यामुळे तिघांनी मॅडमचं प्रकरण उपाशी माणसानं ताट ओढावं तसं ओढलं.

"सहभागी व्यक्तींना इजा होण्याची शक्यता?" रसायनवाल्यांनी विचारलं.

"टोमॅटोचा भाव विचारायचाय फक्त," मॅडम म्हणाल्या.

"शारीरिक नव्हे हो, मानसिक," खेळाचे शिक्षक म्हणाले. "समजा एखाद्याचा अंदाज चुकला आणि त्यानं मनाला लावून घेतलं. जबाबदार कोण?"

तीन बैठकांनंतर परवानगी मिळाली, ती दोन अटींवर. एक, कुणाचं नाव कुठेही येता कामा नये. प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, आणि कुठला क्रमांक कुणाचा हे फक्त मॅडमच्या वहीत राहील. दोन, अंदाज चुकल्यामुळे अस्वस्थ वाटणाऱ्यांसाठी अर्जाच्या तळाशी मदतीचा दूरध्वनी क्रमांक छापायचा. तसा क्रमांक कॉलेजकडे नव्हता, म्हणून मॅडमनी आपल्या घरचा दिला.

आता खरा भाव कुठून आणायचा, हा प्रश्न उरला. त्यासाठी त्या घाऊक बाजाराच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनानं एक रुंद वही उघडली. तीन रकाने होते : किमान, कमाल आणि सर्वसाधारण.

"यातला सर्वसाधारण भाव कसा काढता?" मॅडमनी पेन सरसावून विचारलं.

"किमान बघायचा, कमाल बघायचा, काल काय लिहिलं होतं ते बघायचं," कारकून म्हणाला, "आणि मग बरा दिसेल असा घालायचा."

मॅडमनी पेन मिटलं. हाच आकडा वर्तवण्यासाठी त्यांनी आठ महिने गणित केलं होतं. तरी त्यांनी हाच भाव अधिकृत आहे असं पत्र मागितलं. पत्र लगेच मिळालं. त्यावर जावक क्रमांक पडायला मात्र सतरा दिवस लागले, कारण जावक क्रमांकाचा शिक्का ज्याच्याकडे होता तो मेव्हणीच्या लग्नाला गेला होता आणि जाताना कपाटाची किल्ली खिशात घेऊन गेला होता.

अखेर एका सोमवारी अर्ज वाटले गेले. अर्जांच्या झेरॉक्स भावजींनी काढून आणल्या.

भावजी म्हणजे मॅडमचे धाकटे दीर. ते त्यांच्याबरोबरच राहत. एकेकाळी ते शेअर दलालाच्या कचेरीत होते, आणि त्या काळात अख्खी इमारत त्यांच्या तोंडाकडे पाहत असे. जिन्यात गाठून लोक विचारत, काय घेऊ, काय विकू, आणि भावजी तिथल्या तिथे ठणकावून सांगत. एकदा त्यांनी असंच एका कंपनीचं नाव ठणकावून सांगितलं. सगळ्यांनी घेतलं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी सगळ्यांत जास्त घेतलं. त्यानंतर त्या कंपनीचं जे झालं ते झालं, आणि भावजींचं बोलणंच बंद झालं. नोकरी सोडून ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसू लागले. जेवताना वरण वाढू का विचारलं तर मान हलवत. चार वर्षं झाली, बँक मॅनेजर त्यांना जिन्यात पाहिलं की वर बघत चढत, जणू छताला गळती आहे. घरातही त्यांना काही विचारायची सवय मोडून गेली होती. त्या दिवशी मॅडमनी त्यांना अर्ज दिला तोही एक माणूस कमी पडत होता म्हणून. भावजींनी तो मुकाट्यानं घेतला.

पहिल्याच आठवड्यात मॅडमच्या लक्षात आलं की साधी माणसं ही फार अवघड वस्तू आहे. बँक मॅनेजरांनी दोन्ही रकान्यांत बत्तीस लिहिलं होतं.

"साहेब, इथे कमीत कमी लिहायचं आणि इथे जास्तीत जास्त," मॅडमनी समजावलं.

"मला कळलं ते," मॅनेजर म्हणाले. "कमीत कमी बत्तीस आणि जास्तीत जास्तही बत्तीस. ज्याला माहीत नसेल त्यानं दोन आकडे लिहावेत."

तळमजल्यावरच्या इंजिनिअरनं बत्तीस पूर्णांक चार ते बत्तीस पूर्णांक सात असं लिहिलं आणि सोबत आलेख जोडला. विमा एजंटानं अर्ज भरायच्या आधी मॅडमना पॉलिसी दाखवली. यजमानांनी बाराही आठवड्यांचे आकडे एकदमच भरून टाकले, रोजरोजची कटकट नको म्हणून. सासूबाईंनी 'देव जाणे' असं लिहून खाली सही केली, आणि हे उत्तर चालत नाही म्हटल्यावर दिवसभर रुसून बसल्या. "खरं ते लिहिलं तर चालत नाही," त्या भिंतीला म्हणाल्या.

आणि भावजींनी लिहिलं होतं, कमीत कमी वीस, जास्तीत जास्त पंचावन्न.

"भावजी, हे काय?" मॅडम न राहवून म्हणाल्या. "वीस ते पंचावन्न म्हणजे नोकरीच्या जाहिरातीतली वयोमर्यादा झाली."

भावजी ओशाळून हसले. "पहिलाच आठवडा आहे वहिनी. मला काहीच माहिती नाही अजून. उद्यापासून वहीतले जुने भाव दाखवाल का मला?"

मॅडमनी बाजारातून उतरवून आणलेल्या भावांची वही दिली आणि विसरून गेल्या. त्यांना विसरायला भरपूर कारणं होती. भाव एकतीस निघाल्यावर बँक मॅनेजरांचा घरी फोन आला. अर्जाच्या तळाशी छापलेल्या क्रमांकावर. त्यांना अस्वस्थ वाटत होतं. मॅडमनी पाऊण तास त्यांची समजूत घातली. शेवटी मॅनेजरांनाच आठवलं की आपण मनात एकतीसच म्हटलं होतं, हातानं फक्त बत्तीस लिहिलं गेलं. मग त्यांना बरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरांनी इमारतीच्या सूचना फलकावर स्वतःच एक गुणतालिका लावली. दहा रुपयांच्या आतबाहेर असेल तो अंदाज बरोबर धरायचा, असा त्यांचा नियम होता. या नियमानं जवळजवळ सगळेच बरोबर येत होते आणि मॅनेजर पहिले येत होते. पाचव्या आठवड्यात विमा एजंटानं सगळ्यांकडून थोडी थोडी रक्कम गोळा करून जिंकणाऱ्याला द्यायची टूम काढली. सहाव्या आठवड्यात इंजिनिअर पहाटे घाऊक बाजारात जाऊन टोमॅटोचे क्रेट मोजताना दिसला. भाव तीन आठवडे तेहतीसच्या आसपास हलेना, तसतसे लोकांच्या अर्जांतले दोन आकडे एकमेकांच्या जवळ सरकत गेले आणि लोकांच्या माना ताठ होत गेल्या. जिन्यात आता तब्येतीची चौकशी बंद होऊन टोमॅटोची चौकशी सुरू झाली होती.

सातव्या आठवड्यात घाटातला पूल दुरुस्तीसाठी बंद झाला. दोन दिवस मालाचे ट्रक अडकले. शनिवारी वहीत भाव लागला अठ्ठेचाळीस.

मॅडमच्या घरचा फोन रविवारी दिवसभर वाजत होता. दहावा फोन इंजिनिअरच्या बायकोचा होता. नवरा जेवत नाही म्हणाली. खेळाचे शिक्षक शहाणे होते, असं मॅडमना पहिल्यांदाच वाटलं.

आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या टेबलावर निनावी पत्र पडलं : 'आपल्या महाविद्यालयातील एक प्राध्यापिका राहत्या इमारतीत टोमॅटोवर सट्टा चालवतात.'

प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं आणि दार लावून घेतलं. "मी स्वतः विश्वास ठेवत नाही," ते म्हणाले, "पण पैसे गोळा होत होते का?"

"होत होते," मॅडम म्हणाल्या. "पण ते मी नाही..."

"होत होते ना. झालं तर मग."

तेवीस वर्षांत मॅडमना साधा मेमो मिळालेला नव्हता. उलट वर्गात पत्ते खेळणाऱ्या पोरांना त्यांनी स्वतः प्राचार्यांसमोर उभं केलं होतं. आता त्या त्याच सतरंजीवर उभ्या होत्या. निकाल असा लागला, की बारा आठवडे पुरे करायला हरकत नाही, पण इमारतीच्या कमिटीनं 'हा सट्टा नाही' असं लेखी दिल्याशिवाय कॉलेज प्रबंधावर सही करणार नाही. प्रबंध द्यायची शेवटची तारीख तीस एप्रिल. विषय ठरेपर्यंतच मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नसे.

मॅडमनी घरी येऊन पर्स खुर्चीवर टाकली. "या वयात सट्टेवाली झाले मी," त्या म्हणाल्या. यजमानांनी पेपर खाली घेतला, बायकोचं तोंड पाहिलं, आणि भाजीवाल्याचं वाक्य गिळून चहा टाकायला उठले.

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे होमिओपॅथीचे डॉक्टर. ते म्हणाले, "पत्राला माझी ना नाही. पण तुम्ही सगळ्यांच्या सभेत निकाल वाचून दाखवा. लोकांना कळू दे की हे शास्त्र होतं. मग मी सही करतो." सभा अठ्ठावीस तारखेला ठरली.

बारा आठवडे संपल्यावर मॅडम आकडेमोडीला बसल्या. दहापैकी नऊची खात्री, म्हणजे बारा आठवड्यांत माणूस दहा-अकरा वेळा बरोबर यायला हवा. बँक मॅनेजर एकदा आले होते. इंजिनिअर एकदाही नाही. बाकीचे दोन ते पाच वेळा. मॅडमचं सूत्र आठ वेळा. सतरा क्रमांक अकरा वेळा.

त्यांनी वहीत सतरा क्रमांक कोण ते पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग विद्यापीठात फोन लावला.

"मॅडम, पल्ला फार मोठा दिला असेल त्यांनी," मार्गदर्शक म्हणाले. "शून्य ते हजार लिहिलं तर कुणीही बरोबर येईल. पल्ला जितका मोठा तितके गुण कापा, आणि चुकला तर त्याहून जास्त कापा. मग बघा."

मॅडमनी कापून पाहिलं. तरीही सतरा क्रमांक पहिला, आणि सूत्र दुसरं. तेव्हा त्यांनी भावजींचे बाराही अर्ज ओळीनं मांडले. पहिल्या आठवड्यात वीस ते पंचावन्न. दुसऱ्या आठवड्यात पंचवीस ते बेचाळीस. चौथ्यात एकोणतीस ते सदतीस. आणि सगळी इमारत आकडे जवळ आणत होती त्या सातव्या आठवड्यात भावजींनी लिहिलं होतं, अठ्ठावीस ते पन्नास.

संध्याकाळी त्यांनी भावजींना विचारलं. भावजी झेरॉक्सच्या शाईनं काळे झालेले हात धूत होते.

"पुलाचं तुम्हाला आधी कळलं होतं का?"

"छे हो. दुरुस्तीचं पेपरात आलं होतं, पण कधी, ते कुठे लिहिलं होतं? होईल किंवा होणारही नाही." त्यांनी नळ बंद केला. "मला जेवढं कळत होतं तेवढं लिहिलं वहिनी, आणि जे कळत नव्हतं तेवढी जागा मोकळी सोडली. पूर्वी सोडत नव्हतो."

चार वर्षांत ते एवढं एका दमात बोलले नव्हते. मॅडमनी त्यांच्या हातात टॉवेल दिला आणि सांगितलं, की सतरा क्रमांक म्हणजे तुम्ही, सगळ्यांत सरस, पण तुमचं नाव कुठेही येणार नाही, तसा नियमच आहे. भावजींना बरं वाटल्यासारखं दिसलं.

सभेला सगळे आले. तळमजल्यावर पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मॅडमनी पैसे गोळा करण्याशी आपला संबंध नसल्याचं सांगितलं. विमा एजंटानं उभं राहून तसं कबूल केलं आणि सगळ्यांचे पैसे परत दिल्याचंही सांगितलं. मग मॅडमनी निकाल वाचला, नुसत्या क्रमांकांनी. तीस माणसांतली एकोणतीस माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी जाणतात, हे वाक्य त्यांनी जमेल तितकं मऊ करून सांगितलं. ऐकणाऱ्या प्रत्येकानं आपल्या शेजाऱ्याकडे पाहिलं.

"आणि एक व्यक्ती, क्रमांक सतरा, माझ्या सूत्रापेक्षाही सरस ठरली."

बँक मॅनेजर लगेच उठले. त्यांनी कोटाचं बटण लावलं. "नावं सांगायची नाहीत असा मॅडमचा नियम आहे, आणि मी तो मोडणार नाही," ते म्हणाले. "पण सतरा क्रमांक कोण याबद्दल कुणाच्या मनात शंका असेल असं मला वाटत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम पेचात पडल्या. नाही म्हणावं तर नियम मोडतो, गप्प बसावं तर खोटं खपतं.

"या अनुभवावरून मी एक सुचवतो," मॅनेजर पुढे म्हणाले. "वर्षाचं धान्य आणि तेल आपण सगळ्या इमारतीनं मिळून घ्यावं. केव्हा घ्यायचं ते मी सांगेन. बचतीचे पैसे कुठे ठेवायचे तेही सांगेन. गेल्या वेळेसारखं होणार नाही."

पुन्हा टाळ्या. दोघांनी तर लगेच नावंही दिली. आणि मग मागून, खांबाजवळून आवाज आला. इतका हळू, की पुढच्या रांगेला ऐकूच गेला नाही.

"सतरा क्रमांक मी आहे."

भावजी निकालाच्या झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून उभे होते. सगळ्या खुर्च्या करकरत मागे वळल्या.

"तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले.

"मी. मला सांगायचं नव्हतं. पण साहेब आत्ता जिथे उभे आहेत तिथे मी उभा राहिलेलो आहे. तुम्ही सगळ्यांनी विचारायचं आणि मी ठणकावून सांगायचं. मला तेव्हाही माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणायची लाज वाटायची." त्यांनी गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तेल केव्हा घ्यावं ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. लागेल तसं घ्या. आणि त्या वेळी तुमचं जे झालं, त्याबद्दल मी कधी बोललो नाही. ते माझं चुकलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅनेजर उभेच होते. मग त्यांनी कोटाचं बटण काढलं, कुणाकडे न पाहता खुर्च्यांच्या मधून वाट काढली आणि जिना चढून वर गेले. अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं आणि मॅडमच्या पत्रावर सही केली. तेवढ्यात सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "धाकटा आहे माझा."

एकोणतीस तारखेला प्राचार्यांची सही झाली, तीस तारखेला दुपारी प्रबंध विद्यापीठात गेला आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी मॅडमना त्यांच्या सूत्राबद्दल दोन प्रश्न विचारले आणि सतरा क्रमांकाबद्दल अकरा. मॅडमना थोडं लागलं. आठ महिन्यांचं गणित त्यांचं होतं. पण निकाल जाहीर झाल्यावर मार्गदर्शक म्हणाले, "डॉक्टर मॅडम, आता बसा," आणि स्वतः आधी बसले, तेव्हा ते लागणं कुठल्या कुठे गेलं. निघताना मार्गदर्शकांनी एक कागद दिला. शेतकऱ्यांच्या एका संघाला, कुठल्या दिवशी किती माल बाजारात पाठवायचा हे ठरवण्यासाठी, दर आठवड्याला भावाचा पल्ला सांगणारं माणूस हवं होतं. सतरा क्रमांकाला विचारून पाहा, म्हणाले.

मॅडम तो कागद घेऊन घरी आल्या तर दारात चपलांचा एक अनोळखी जोड. आत भावजी दार धरून उभे, आणि त्यांच्यासमोर बँक मॅनेजर. मॅनेजर जिन्यातल्यासारखे वर पाहत नव्हते. पायांकडे पाहत होते.

"मुलीचं काय करावं ते समजत नाही," ते म्हणत होते. "चांगली नोकरी सोडून परदेशी जायचं म्हणते. जाऊ द्यावं की नको? आमच्याकडे सगळे ठामपणे सांगताहेत, आणि प्रत्येकाचं वेगळं. म्हटलं तुम्हाला विचारावं. तुम्हाला काय वाटतं?"

भावजींनी दार पूर्ण उघडलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "या ना, बसा."

मॅनेजर आत येऊन बसले. मॅडमनी कागद टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण वाढवलं. बाहेरून दोन माणसांच्या बोलण्याचा आवाज येत होता. त्यातला एक भावजींचा होता, आणि तो थांबत नव्हता.